कपाटामागची भिंत

"सगळं तुमच्या मनासारखं करा, फक्त या भिंतीला खिळा मारू नका," विलासराव कणसे म्हणाले. "आणि हे कपाट जिथं हाय तिथंच राहू दे."

कपाट म्हणजे लोखंडी, जुनं, दोघांनाही सहज न हलणारं धूड. झोपायच्या खोलीत भिंतीच्या मधोमध ते उभं होतं. त्याच्या डाव्या कडेला, जमिनीपासून दोनएक हातांवर, भिंतीवर एक तेलकट डाग अर्धवट दिसत होता. मी नाक मुरडून त्याच्याकडे बोट दाखवलं. कितीही रंग द्या, तो पुन्हा वर येतो, असं विलासराव म्हणाले आणि गॅलरी दाखवायला निघाले. माझा नवरा भारत तोवर मोरीतला नळ सोडून पाणी किती जोरात येतं ते बघून आला होता. पाणी आहे म्हटल्यावर तो कुठल्याही अटीला मान हलवणार, हे मला ठाऊक होतं.

दाराशी जाऊन विलासराव परत फिरले.

"आणखी एक. त्या भिंतीकडं पाय करून झोपू नका."

"का? दक्षिण आहे का तिकडं?"

"दक्षिण न्हाई. पण नका झोपू. एवढं ऐका माझं."

घरमालकांचे चोचले मी पुष्कळ पाहिले होते. एकानं कांदा-लसूण बंद केलं होतं, दुसऱ्यानं पाहुणे. हा पाय बंद करत होता. मी हो म्हणून टाकलं.

ही गोष्ट मिरजेतली, मोबाइल यायच्या आधीची. मी एका खासगी दवाखान्यात नर्स होते आणि भारत एसटीच्या वर्कशॉपमध्ये. रात्रपाळी कुणालाच नको असते, म्हणून ती नव्या माणसाच्या गळ्यात पडते, तशी माझ्या पडली होती. सकाळी घरी यायचं, चहा घ्यायचा आणि पडदे ओढून आडवं व्हायचं. अट पाळायची म्हणून मी उशी भिंतीकडे घेतली आणि पाय खिडकीकडे. म्हणजे त्या भिंतीला सगळ्यात जवळ माझे कानच आले.

पहिल्याच सकाळी डोळा लागतो न लागतो तोच घंटा वाजली. देवपूजेतली लहानशी घंटा, पण उशाशी धरून वाजवावी इतकी जवळ. मग पुटपुटणं सुरू झालं. पुरुषाचा खालच्या पट्टीतला आवाज, शब्द धड कळत नव्हते. स्तोत्र असेल म्हणून मी कूस बदलली. तेवढ्यात भिंतीत दणका बसला. थोडं थांबून आणखी एक. मग तोच आवाज एकदम चढला आणि मला स्वच्छ ऐकू आलं: "चोरा! चोरा, लाज वाटू दे."

मी उठून बसले. नव्या बिऱ्हाडात पहिल्या दिवशी शेजारी आपल्याला भिंतीपलीकडून चोर म्हणतो, याला काय म्हणावं? दुपारी नैवेद्याच्या वेळेला पुन्हा तेच झालं. घंटा, पुटपुटणं, दणके, शिवी.

संध्याकाळी जिन्यात तो आवाजाचा धनी भेटला, आणि मी चक्रावलेच. आनंदराव कणसे, विलासरावांचे थोरले भाऊ, सूतगिरणीतून निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, कपाळावर बोटभर गुलाल. माझ्या हातातली भाजीची पिशवी त्यांनी न विचारता घेतली आणि वरपर्यंत आणून दिली. "सिस्टर, जेवणाचे हाल करून घेऊ नका. रात्रीचं काम म्हणजे आधी पोट सांभाळायचं," असं म्हणाले. या माणसाच्या तोंडात सकाळची ती शिवी बसवून बघायचा मी प्रयत्न केला, पण बसेना.

उलगडा त्यांच्या बायकोनं केला. काकू विरजण मागायला आल्या आणि माझ्या डोळ्यांखालची वर्तुळं बघून त्यांनी स्वतःच विषय काढला. हा सगळा मजला पूर्वी एकच घर होतं. वडील गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली, मधलं दार बंद करून एका घराची दोन घरं झाली. भांडी, दागिने, गावाकडचं रान, सगळं सामोपचारानं झालं. अडलं ते देवांवर. घरात कुळस्वामी जोतिबाचे आणि बाकी देवांचे चांदीचे टाक होते, पिढ्यानपिढ्या पूजेतले. ते थोरल्याकडे जायचे अशी त्यांच्यात रीत. पण सासूबाई धाकट्याकडे राहणार होत्या आणि त्या म्हणाल्या, मी जिथं तिथं माझे देव. दार बंद करायचं काम चाललं होतं त्या दिवसांत देव्हाऱ्यातून देव नाहीसे झाले.

"भावजींनी नेले," काकू म्हणाल्या. त्यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. "वर आम्हालाच इचारत हुते, देव कुठं हायत म्हणून. तवापास्नं आमच्या देव्हाऱ्यात सुपारी हाय नुसती. थोरल्या लेकीच्या लग्नाला गोंधळ घालता आला न्हाई. ह्यांनी तर मनाला लावून घेतलंय. दार लावून पूजेला बसतात, मलाबी आत येऊ देत न्हाईत. त्या भिंतीकडं तोंड करून भावाला शिव्या घालतात आन पाट आपटतात."

"पण विलासराव इथं राहत नाहीत आता. शिव्या ऐकते मी."

"सासूबाई गेल्यावर ते सांगलीला गेले. ह्या जागंत भाडेकरू टिकत न्हाई बघ," असं म्हणून काकू विरजण घेऊन गेल्या.

आम्हाला मात्र टिकणं भाग होतं. दवाखान्याच्या जवळ, पाणी असलेली जागा मिरजेत सहज मिळत नव्हती. मग आमचे प्रयोग सुरू झाले. कानात कापूस घातला, तर आवाज कमी होण्याऐवजी माझीच छाती धडधडताना ऐकू यायला लागली. भिंतीवर गोधड्या टांगल्या, पण खिळा मारायचा नाही म्हणून त्या कपाटावरून सोडलेल्या, आणि दणका बसला की त्यातली एक माझ्या तोंडावर यायची. भारतला वर्कशॉपमध्ये कुणीतरी सांगितलं की अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लावले की आवाज शोषला जातो. त्यानं अंडेवाल्याकडून भारा आणला. त्या ट्रेंनी आवाज काडीचा शोषला नाही, झुरळं मात्र भरपूर आणली. बिछाना दुसऱ्या भिंतीला सरकवावा तर तिकडे दार आणि मोरी. पाय फिरवून झोपावं तर शब्द दिलेला. भारत म्हणायचा, झोप की पाय करून, कोण बघायला येतंय. पण मी शब्द मोडला नाही. का ते मलाही सांगता आलं नसतं.

झोप नसलेलं माणूस स्वतःला शहाणं समजतं आणि तिथंच घात होतो. एका पहाटे मी एका पेशंटच्या इंजेक्शनला भलतंच अँप्यूल फोडलं. बरोबरच्या मुलीनं माझं मनगट धरलं म्हणून, नाहीतर सुई आत गेली असती. पेशंट दोन लेकरांची आई होती. मेट्रनबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं की पुन्हा असं झालं तर मी येऊ नये, त्यांनाही मला ठेवता येणार नाही. त्यांचं बरोबर होतं. मला नोकरीची भीती वाटलीच, पण त्याहून मोठी भीती माझ्याच हातांची वाटायला लागली.

त्या दिवशी मी तशीच काकांच्या दाराशी गेले आणि जे झालं ते सांगितलं. काका ऐकत उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला माझंच बोलणं फार झालं असं वाटलं. त्यांनी हात जोडले आणि आता आवाज होणार नाही म्हणाले. त्यांना आमच्याकडे आणून मी त्यांचं ब्लडप्रेशर बघितलं, ते वाढलेलं होतं. जवळ वाकले तेव्हा गुलालाखाली कपाळ सुजल्यासारखं दिसलं. काय लागलं म्हणून विचारलं तर दाराची चौकट लागली म्हणाले.

थोडे दिवस खरंच शांततेत गेले. घंटासुद्धा हळू वाजायची. मी झोपले, माणसात आले. आणि मग एके सकाळी पुन्हा दणका बसला, आधीपेक्षा जोरात, आणि पाठोपाठ ते "चोरा". मी उशीत तोंड खुपसून रडले.

भारत तसा शांत माणूस, पण त्या दिवशी तोही चिडला. त्याच्या ओळखीच्या एकानं थिएटरच्या भिंती केल्या होत्या. त्यानं सांगितलं की गोधड्या आणि ट्रे लावून काही होत नसतं. आवाज पातळ जागेतून येतो, ती जागा शोधा आणि आत गच्च भरा. रविवारी मला सुट्टी होती. भारतनं हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकून बघायला सुरुवात केली. सगळीकडे भरीव आवाज येत होता, पण कपाटाजवळ गेला की पोकळ. आम्ही एकमेकांकडे बघितलं. कपाट हलवायचं नाही, ही अट आम्हा दोघांनाही आठवत होती.

"त्या बाईला सुई टोचली असतीस तर घरमालक आला असता का?" भारत म्हणाला, आणि त्यानं कपाटाला खांदा लावला.

कपाटामागे भिंत नव्हती. दाराची जुनी चौकट होती आणि तिच्यात प्लायची फळी ठोकून वरून भिंतीचाच रंग दिलेला होता. तो तेलकट डाग त्या फळीवरच होता, आता पुरता दिसत होता, पसाभर, गोल. माझ्या झोपेत आणि काकांच्या पूजेत एवढीच आडकाठी होती, बोटभर जाडीची. भारत खूश झाला. फळी काढायची, आत जुन्या गाद्यांचा कापूस ठासून भरायचा, पुन्हा फळी मारायची. संध्याकाळच्या आत काम होईल म्हणाला.

काका नुकतेच दाढीला गेले होते. मी काकूंना आवाज होईल म्हणून सांगून आले, तर त्या हात पुसत मागोमाग बघायलाच आल्या.

"हितंच दार हुतं," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनी विटा घालू दिल्या न्हाईत. म्हणाल्या, फळ्या मारा दोन्ही अंगानं. पोरांचं मन कवा जुळलं तर काढाय सोपं जाईल."

खिळे गंजलेले होते, एकेक कुरकुरत निघाला. भारतनं फळी उचलून बिछान्याला टेकवून ठेवली. आत हातभर रुंदीची पोकळी होती, जाळ्या आणि धूळ, पलीकडे काकांच्या बाजूची फळी. आणि खाली, जुन्या उंबऱ्यावर, एक लाल कापडाचं गाठोडं.

भारतनं ते उचलून माझ्या हातात दिलं. जड होतं. मी गाठ सोडली. वाळून खडखडीत झालेला नारळ, मुठीएवढा गुलाल आणि काळे पडलेले चांदीचे टाक. घोड्यावरचा जोतिबा त्यातही ओळखू येत होता.

काकूंनी जमिनीवर डोकं टेकलं. किती तरी वेळ त्या उठल्याच नाहीत. उठल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात धार.

"बघितलंस, शैला? भावजींनी आपल्या बाजूच्या फळीआड ठेवले, वर कपाट लावलं. आन माझ्या नवऱ्याला सगळी भावकी येड्यात काढती. भारत, खाली जा, फोन कर त्यांना. म्हणावं, चोरी सापडली, या."

मलाही ते पटलं. खिळा मारू नका, कपाट हलवू नका, पाय करू नका. सगळ्याचा अर्थ एकदम लागला असं मला वाटलं. घरमालकाची ती हळवी अट आठवून मला त्या माणसाची किळस आली. भारत कोपऱ्यावरच्या पीसीओवर गेला.

काकू टाक पदरानं पुसत बसल्या. मी पोकळीतल्या जाळ्या काढायला वाकले आणि पलीकडची फळी मला नीट दिसली. तिला आमच्या बाजूला फुगवटा आला होता. मधोमध एका ठिकाणी प्लायचा पदर फाटून आत वळला होता. जमिनीपासून दोनएक हातांवर. पाट आपटून असं कसं होईल, असा विचार माझ्या मनात आला, कारण पाट माणूस जमिनीवर आपटतो.

तेवढ्यात काका आले. आमचं दार उघडं, बायकोचा आवाज, म्हणून सरळ आतच आले. दाढी गुळगुळीत झालेली, साबणाचा वास येत होता. न्हाव्यानं तोंड पुसताना कपाळावरचा गुलालही पुसून काढला होता. मी पहिल्यांदाच ते कपाळ उघडं बघितलं. भुवयांच्या वर मधोमध काळाकभिन्न घट्टा होता, त्यावर एक ओली, ताजी चीर. चौकट एकदा लागून असं होत नाही. ही वर्षांची गोष्ट होती.

"या, बघा धाकट्याची करणी," काकू म्हणाल्या.

काकांनी देवांकडे बघितलं. हात जोडले नाहीत, पुढे आले नाहीत. बिछान्याच्या कडेवर बसले आणि माझ्याकडे पाणी मागितलं. मी नाडी बघितली तर ती धावत होती. दवाखान्यात चला म्हटलं, तर मान हलवली. काकूंचा पदर चांदीवरून फिरतच होता.

विलासराव सांगलीहून स्कूटरवर आले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं.

"सांगितलं हुतं ना तुम्हाला," एवढंच म्हणाले. रागावून नाही, दमून.

काकू त्यांच्याशी बोलत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघून बोलायला लागल्या. "शैला, इचार त्यांना, देव कुठं सापडले. इचार, आई मरंपतोर गप कसं ऱ्हावलं."

विलासराव खाली बघत उभे होते. चोर पकडला गेला की असाच उभा राहतो, असं मला वाटलं, आणि ते वाटतंय तोवरच काकांचा आवाज आला. भिंतीपलीकडून रोज यायचा तोच, खालच्या पट्टीतला.

"त्याला नको इचारू. मी ठेवले."

काकूंचा हात थांबला.

"ह्या अंगाची फळी मारून सुतार गेला हुता. आपल्या अंगाची सकाळी मारायची हुती. थोरला मी, आन देव धाकट्याकडं. मला सोसलं न्हाई. सांजच्याला गाठोडं बांधून आत ठेवलं. म्हटलं, हुडकू देत जरा. आईला कळू दे देव कुणाचे. सकाळी सुताराच्या आधी काढून घेईन." ते घोटभर पाणी प्यायले. "सकाळी उठलो तर तू देव्हाऱ्याम्होरं उभी. सगळ्यांच्या देखत विलासचं नाव घेतलंस. सुतार आला, त्यानं फळी मारली. मी बघत उभा ऱ्हायलो. तवा बोललो न्हाई, मग रोज उद्यावर गेलं."

"मग चोर कुणाला म्हणत हुता रोज?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज आता अगदी बारीक झाला होता.

काकांचा हात कपाळाकडे गेला. "मला."

मी आजवर माणसं मरताना बघितली आहेत, अपघातातली माणसं उचलली आहेत. पण त्या क्षणी त्या खोलीत मला जो धक्का बसला तसा पुन्हा कधी बसला नाही. मी उशीत तोंड खुपसून ज्या दणक्यांना शिव्या देत होते, ते दणके एक म्हातारा माणूस स्वतःच्या कपाळानं देत होता. माझ्या डोक्यापासून जेमतेम दोन हातांवर.

काकू उठल्या नाहीत. मांडीवर देव होते.

"सासूबाईंच्या तोंडात पाणी घालाय मी आले न्हाई," त्या म्हणाल्या. आता त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "देव चोरणाऱ्याचा उंबरा चढणार न्हाई, अशी शपथ घेतली हुती मी. भिंतीपलीकडं म्हातारी दोन दिस कण्हत हुती. मी भाकऱ्या थापत ऱ्हायले. तुम्ही घेऊ दिलीत मला शपथ."

काकांनी मान वर केली नाही. "ऐकू येत हुतं मलाबी. तिचं कण्हणं." त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "एकच बरं झालं. आईला कळलं न्हाई. थोरला चोर हाय हे न कळता गेली ती. देवानं तेवढं एक झाकलं माझं."

विलासराव इतका वेळ दगडासारखे उभे होते. मला अजूनही वाटतं, ते तसेच राहिले असते तर काका ती एक समजूत घेऊन उरलेले दिवस काढू शकले असते. पण तेही किती वर्षं गप्प होते.

"आईला ठाऊक हुतं, दादा."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. "कुणी सांगितलं?"

"तूच."

विलासरावांनी उघड्या चौकटीकडे बोट केलं.

"हिकडचा आवाज तिकडं जातो, तसा तिकडचा हिकडं येतो," विलासराव म्हणाले. "पयल्याच दिशी घंटी वाजली आन तू बोलाय लागलास. आई हितं तांदूळ निवडत हुती. सगळं ऐकलं तिनं. मी तवाच उठलो हुतो फळी काढाय. तिनं मला बसवलं. म्हणाली, मी काढले तर तो जल्माचा चोर. त्यानं आपल्या हातानं काढले तर देव घरी आले. दादा काढील, तू शपथ घे, बोलायचं न्हाई. मी घेतली."

"वाट बघितली तिनं?"

"रोज. तुझी पूजा सुरू झाली की ती हितं येऊन बसायची, फळीला पाठ लावून. तू डोकं आपटाय लागलास की ती मागं डोकं टेकवून डोळं मिटून बसायची. म्हणायची, लागत असंल रं त्याला. शेवटाला उठवत नव्हतं तर खाट ह्याच भिंतीला लावाय सांगितली." ते बिछान्याला टेकवलेल्या फळीकडे वळले. "ह्यो डाग बघ. तिच्या डोक्याचं तेल हाय. लई रंग दिला. जात न्हाई."

मी त्या डागाकडे बघितलं, मग चौकटीतून पलीकडच्या फुगलेल्या फळीकडे. दोन्ही एकाच उंचीवर होते. मधे हातभर पोकळी आणि तळाशी देव. मी घरात पाऊल टाकल्या दिवशी त्या डागाला नाक मुरडलं होतं.

पुढे त्या जागेत आम्ही बरीच वर्षं राहिलो आणि मला भिंतीचा त्रास पुन्हा झाला नाही. पण कुणी शेजारच्या आवाजाची तक्रार करायला लागलं की मला नंतरची ती शांतता आठवत नाही, तो रविवार आठवतो.

काका बिछान्यावरून उठले. काकू देव मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांच्याकडे ते गेले नाहीत. भावाकडेही नाही. ते त्या फळीसमोर खाली बसले, पूजेला बसतात तशी मांडी घातली. दोन्ही हातांनी फळीच्या कडा धरल्या. मला वाटलं, आता आपटतील, आणि मी धरायला पुढे झाले.

त्यांनी त्या डागावर कपाळ टेकलं, अगदी हळू. कसलाही आवाज झाला नाही.